संगणकातील अडगळीचे निर्लेखन

सरकारी कचेरी, शाळा, महाविद्यालय किंवा सहकारी संस्था यांपैकी कोठेही काही वर्षे नोकरी केलेल्या माणसास जडवस्तू संग्रह नोंदवही ठाऊक असते. मोडकी खुर्ची, बंद पडलेला पंखा, फिती मिळेनाशा झालेले टंकलेखन यंत्र, सारे काही तीत नोंदलेले असते. वर्षातून एकदा पडताळणी होते, निरुपयोगी वस्तूंची यादी वरिष्ठांकडे जाते, आणि मंजुरी आली म्हणजे त्या वस्तूंचे निर्लेखन होऊन लिलाव पुकारला जातो. ही पद्धत संथ आहे आणि तिची थट्टाही पुष्कळ होते. पण तिच्यामागील विचार शहाणपणाचा आहे. जे वापरात नाही त्याचाही हिशेब कोणी तरी दिला पाहिजे, आणि ज्याचा हिशेब ठेवणे परवडत नाही ते काढून टाकले पाहिजे. नवल असे की, त्याच कचेरीतील टेबलावर जो संगणक बसलेला आहे, त्याच्या पोटातील न वापरलेल्या सामग्रीची नोंद मात्र कोणत्याही वहीत सापडत नाही.

शिरूर आणि दौंड हे पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडील दोन तालुके. एकात रांजणगावची औद्योगिक वसाहत, दुसऱ्यात कुरकुंभची. दोहोंकडे ऊस, कांदा आणि दूध. घोड आणि भीमा या नद्यांच्या पाण्यावर उभे राहिलेले सहकाराचे जाळे. येथील शेतकरी स्वतः संगणकास हात लावो वा न लावो, त्याचा सातबारा संगणकावर आहे, दुधाची पावती संगणकातून येते, उसाच्या गाडीचे वजन संगणक नोंदवतो, आणि त्याच्या मुलाची शिष्यवृत्ती संगणकातूनच बँकेच्या खात्यात पोहोचते. तेव्हा संगणकाच्या सुरक्षिततेचा प्रश्न हा मुंबई-बंगळूरच्या वातानुकूलित दालनांतील प्रश्न आहे, अशी समजूत करून घेणे आता शक्य नाही. या प्रश्नाची एक बाजू विशेष दुर्लक्षित राहिली आहे. ती म्हणजे संगणकाच्या अगदी आतल्या गाभ्यात साठलेली अडगळ.

या गाभ्यास इंग्रजीत ‘कर्नल’ म्हणतात. पलटणीतील कर्नलसाहेबांशी त्याचा संबंध नाही. कवचाच्या आतला गर असा त्या शब्दाचा मूळ अर्थ. ऑपरेटिंग सिस्टिमचा हा सर्वांत आतला भाग. कळफलकावरील अक्षर कोणत्या प्रोग्रॅमला द्यावयाचे, स्मृतीतील कोणता कोपरा कोणास वापरू द्यावयाचा, कोणती फाइल कोणास उघडू द्यावयाची, हे सारे निर्णय तेथे होतात. बाहेरच्या एखाद्या प्रोग्रॅममध्ये दोष निघाला तर नुकसान बहुधा त्या प्रोग्रॅमपुरते राहते. कर्नलमध्ये दोष निघाला तर सारा संगणकच परक्याच्या हाती जातो, कारण परवानगी देणारा आणि नाकारणारा तोच असतो. पहारेकरीच फितूर झाला म्हणजे कुलपांना अर्थ उरत नाही, तसे हे आहे.

हा गाभा किती मोठा असावा? लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्याने १९९१ साली लिनक्सचा जो पहिला कर्नल जगापुढे ठेवला, त्यात सुमारे १०,००० ओळी होत्या. २०२५ च्या प्रारंभी त्याच कर्नलच्या मूळ प्रतीत ओळींची संख्या ४ कोटींच्या घरात गेली. जगातील बहुसंख्य सर्व्हर आणि अँड्रॉइडचे सर्व भ्रमणध्वनी याच कर्नलवर चालतात. या चार कोटींपैकी फार मोठा भाग निरनिराळ्या यंत्रांना चालविणाऱ्या ड्रायव्हरांचा आहे, आणि कोणत्याही एका संगणकास त्यातील अत्यल्प भागच लागतो, हे खरे. पण तयार स्वरूपात वाटल्या जाणाऱ्या लिनक्समध्ये यांतील हजारो भाग सुट्या मॉड्यूलांच्या रूपाने डिस्कवर हजर असतात, आणि कोणी मागितले की कर्नल ते आपण होऊन चढवून घेतो. मागणारा मालक आहे की सामान्य वापरकर्ता, याची चौकशी पुष्कळदा होत नाही.

याचे एक बोलके उदाहरण डीसीसीपी नावाच्या संपर्कपद्धतीचे आहे. लिनक्समध्ये ती २००५ साली आली. ध्वनी आणि चित्रे वाहून नेण्यास ती उपयोगी पडेल अशी कल्पना होती. प्रत्यक्षात जगाने दुसऱ्याच पद्धती पत्करल्या आणि डीसीसीपी जवळजवळ कोणीही वापरली नाही. तरीही ती कोट्यवधी यंत्रांवर निजून राहिली. फेब्रुवारी २०१७ मध्ये आंद्रेई कोनोवालोव या संशोधकाने तिच्यातील एक दोष उजेडात आणला. संगणकावर साधे खाते असलेला कोणीही मनुष्य या निद्रिस्त भागास जागे करून सर्वाधिकारी बनू शकत होता. हा दोष जवळजवळ प्रारंभापासून, म्हणजे सुमारे बारा वर्षे, तेथे होता. ज्यांना या पद्धतीचे नावही ठाऊक नव्हते, त्यांनी बारा वर्षे तिचा धोका मात्र वाहिला. पुढे तिची देखभाल करण्यास कोणी पुढे येईना, तेव्हा २०२५ साली लिनक्सच्या ६.१६ या आवृत्तीतून ती समूळ काढण्यात आली. दोष सापडल्यापासून निर्लेखन होईपर्यंत आठ वर्षे लागली. सरकारी कचेरीतील मोडक्या खुर्चीस याहून कमी वेळ लागतो.

दुसरे उदाहरण फ्लॉपीचे. जुन्या कारकुनांना आणि शिक्षकांना ती काळी चौकोनी चकती आठवत असेल. २०१५ च्या मे महिन्यात ‘व्हेनम’ या नावाने गाजलेला दोष सापडला, तो या फ्लॉपीच्या नियंत्रकात. पण खऱ्या नव्हे, आभासी. एका मोठ्या यंत्रावर अनेक ग्राहकांचे आभासी संगणक चालवण्याची जी व्यवस्था असते, तिच्यात प्रत्येक आभासी संगणकास एक आभासी फ्लॉपीही बहाल केलेली होती. त्या नियंत्रकातील, २००४ पासूनच्या चुकीचा फायदा घेऊन एका भाडेकरूस भिंत फोडून शेजाऱ्याच्या घरात आणि घरमालकाच्या खोलीत शिरणे शक्य होते. अधिक विचार करण्याजोगी गोष्ट पुढेच आहे. ज्या व्यवस्थापकांनी दूरदृष्टीने ही फ्लॉपी बंद केली होती, त्यांचीही काही यंत्रांवर सुटका झाली नाही. फ्लॉपी बंद केली तरी नियंत्रकाचा मजकूर मागे चालूच राहत होता. बंद करणे आणि काढून टाकणे यांत अंतर आहे ते असे.

दौंडच्या माणसास हे अंतर समजावून सांगण्याची गरज पडू नये. पुणे, सोलापूर, मनमाड आणि बारामती या चार दिशांचे रूळ ज्या गावात एकत्र येतात, तेथे सांधा म्हणजे काय हे शाळकरी पोरासही कळते. मुख्य मार्गावरील प्रत्येक सांधा ही एक सोय असते आणि त्याच वेळी एक जोखीमही असते. सांधा काही काळ वापरावयाचा नसेल तर त्यास क्लॅम्प लावून कुलूप घालतात. साइडिंग कायमचीच बंद झाली तर सांधाच उपटून तेथे सरळ रूळ टाकणे हा खात्रीचा उपाय. ‘गाडी तिकडे वळवणारच नाही, मग सांधा राहिला तर काय बिघडले?’ असे कोणताही रेल्वे अभियंता म्हणणार नाही. संगणकाच्या बाबतीत मात्र आपण नेमके हेच म्हणत आलो आहोत.

या बेफिकिरीची किंमत महाराष्ट्राने मोजलेली आहे. १२ मे २०१७ रोजी ‘वॉनाक्राय’ नावाच्या खंडणीखोर विषाणूने काही दिवसांतच दीडशेहून अधिक देशांतील दोन लाखांवर संगणक कुलूपबंद केले. त्यानंतर दीड महिन्याने, २७ जून रोजी, युक्रेनमधून निघालेल्या ‘नॉटपेट्या’ने मर्स्क या जहाज कंपनीचा जगभरचा कारभार ठप्प केला, आणि त्या साखळीत न्हावा शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरातील तिच्या गटाचे टर्मिनलही बंद पडले. कंटेनर अडकले, मालमोटारींच्या रांगा लागल्या. रांजणगावच्या यंत्रांपासून घोडनदीच्या कांद्यापर्यंत पश्चिम महाराष्ट्राचा माल ज्या बंदराकडे पाहतो, तेथील हा प्रसंग. मर्स्कने आपले एकूण नुकसान २० ते ३० कोटी डॉलरांच्या दरम्यान असल्याचे सांगितले. ज्यांचा माल रांगेत उभा होता त्यांच्या नुकसानीचा हिशेब त्यात अर्थातच नाही.

हे दोन्ही विषाणू ज्या वाटेने शिरले, तिचे नाव एसएमबीची पहिली आवृत्ती. एका संगणकावरील फाइल दुसऱ्याने वाचण्यासाठी १९८० च्या दशकात जन्मलेली ही पद्धत. विंडोजमध्ये तिची दुसरी, सुधारलेली आवृत्ती व्हिस्टाबरोबर आली, आणि त्यानंतर पहिलीची गरज बहुतेकांना उरली नाही. तरीही ती विंडोजच्या कर्नलमध्येच, सर्वाधिकारांसह, चालू स्थितीत राहिली. मायक्रोसॉफ्टच्याच अभियंत्यांनी २०१६ मध्ये ती वापरू नका असे कळकळीने लिहिले होते. दोषाची दुरुस्ती मार्च २०१७ मध्ये निघाली होती. आणि नव्या विंडोज १० मधून ही आवृत्ती मूळ मांडणीतून वगळली गेली ती त्या वर्षीच्या शरद ऋतूत, घर जळून गेल्यावर. नॉटपेट्याजवळ पासवर्ड चोरून पसरण्याच्या आणखी युक्त्या होत्या, आणि दुरुस्ती केलेली यंत्रेही त्याने गाठली, हेही प्रामाणिकपणे नमूद केले पाहिजे. जुना दरवाजा बुजवला म्हणजे चोरी अशक्य होते असा दावा कोणी करू नये. पण उघडा, विनावापराचा, सर्वाधिकारांपर्यंत पोहोचणारा दरवाजा ठेवण्याचे समर्थन त्याने होत नाही.

मग एवढी उघड गोष्ट इतकी वर्षे कोणी का केली नाही? येथे तंत्रज्ञान संपते आणि अर्थशास्त्र सुरू होते. ऑपरेटिंग सिस्टिम विकणारा वा वाटणारा एकच वस्तू सर्वांसाठी बनवतो. त्यामुळे कोणा एकालाही लागण्याची शक्यता असलेली प्रत्येक सोय त्यात घालणे त्याच्या हिताचे असते. एखादी सोय काढली आणि त्यामुळे कोणाचा जुना प्रिंटर बंद पडला, तर तक्रार दुसऱ्या दिवशी येते, नावानिशी येते. सोय ठेवली आणि तिच्यातून दहा वर्षांनी चोर शिरला, तर जबाबदारी कोणावर निश्चित करणार? ठेवण्याचा लाभ थोड्यांस आणि लगेच. ठेवण्याचा भुर्दंड सर्वांस, पण पुढे केव्हा तरी, आणि अनोळखी माणसाच्या खात्यावर. धुराचा खर्च कारखान्याच्या ताळेबंदात दिसत नाही, हे बाह्य परिणामाचे उदाहरण अर्थशास्त्राच्या वर्गात दर वर्षी दिले जाते. कर्नलमधील न वापरलेली सोय हा त्याच जातीचा धूर आहे. कोणताही किराणा व्यापारी पडून राहिलेल्या मालास मालमत्ता समजत नाही. जागा, भांडवल आणि उंदीर यांचा खर्च त्यास कळतो. संगणकाच्या बाबतीत उंदीर दिसत नाहीत एवढेच.

कमी यंत्रणा म्हणजे कमी धोका, हा विचार नवाही नाही. साल्टझर आणि श्रोडर या दोन अमेरिकन संगणकशास्त्रज्ञांनी १९७५ साली संगणक-संरक्षणाची जी तत्त्वे मांडली, त्यांत यंत्रणेची काटकसर हे एक होते. २०१३ मध्ये युरोपातील संशोधकांच्या एका गटाने लिनक्सचा कर्नल प्रत्यक्ष कामापुरता कापून पाहिला. संगणक प्रथम नेहमीचे काम करीत असताना कोणते भाग वापरले जातात याची नोंद करावयाची, आणि मग तेवढेच ठेवून कर्नल पुन्हा घडवावयाचा, अशी त्यांची रीत. हल्ल्यास उघडे पडणारे क्षेत्र त्यामुळे ५० ते ८५ टक्क्यांनी घटल्याचे त्यांनी दाखवले. हे कर्तन यंत्राकडूनच करून घेता येते, हा त्यांचा दुसरा मुद्दा. तो अधिक महत्त्वाचा.

पुणे जिल्ह्यातील ठेवीदाराच्या मनात या संदर्भात कॉसमॉस बँकेचे नाव येणे साहजिक आहे. ११ ऑगस्ट २०१८ रोजी, शनिवारी, १९०६ पासून पुण्यात काम करणाऱ्या या सहकारी बँकेच्या नावावर २८ देशांतील एटीएममधून दोन-सव्वादोन तासांत सुमारे ७८ कोटी रुपये काढले गेले. १३ तारखेस आणखी १३.९२ कोटी हाँगकाँगकडे वळवण्यात आले. भारतातील रक्कम धरून एकूण चोरी ९४ कोटींच्या वर गेली. एटीएमची विनंती बँकेच्या मुख्य व्यवस्थेपर्यंत नेणारा जो स्विच असतो, त्याच्याऐवजी एक तोतया स्विच उभा करून त्यानेच परस्पर ‘पैसे द्या’ असे उत्तर दिले. तोतयाचे बंड पुण्यास नवे नाही. हा तोतया मात्र सदाशिवरावभाऊंच्या नावाने नव्हे, बँकेच्या नावाने बोलत होता.

एटीएमच्या स्विचवर घाला घालणाऱ्या ‘फास्टकॅश’ या दुष्ट प्रोग्रॅमची लिनक्ससाठी तयार केलेली आवृत्ती ऑक्टोबर २०२४ मध्ये एका संशोधकाने प्रसिद्धीस आणली. कॉसमॉसच्या यंत्रांत हेच घडले असे येथे म्हणावयाचे नाही. पण त्या आवृत्तीची रीत पाहण्याजोगी आहे. चालू असलेल्या एका प्रोग्रॅमच्या स्मृतीत दुसऱ्याने डोकावावे आणि फेरफार करावा, अशी ‘पीट्रेस’ नावाची सोय कर्नलमध्ये असते. प्रोग्रॅम लिहिणाऱ्यास चुका शोधताना ती फार उपयोगी. फास्टकॅश तिचाच वापर करून स्विचच्या प्रोग्रॅममध्ये आपला मजकूर टोचतो, आणि नाकारलेल्या मागण्या मंजूर करवून घेतो. बँकेच्या चालू स्विचवर चुका शोधण्याच्या या साधनाचे रोज काय काम? लिनक्समध्ये एक मांडणी बदलली की ही सोय यंत्र पुन्हा सुरू करेपर्यंत पूर्ण बंद राहते. आत शिरून सर्वाधिकार मिळवलेला चोर दुसरी वाट शोधील हे खरे. पण शोधताना त्यास वेळ लागेल, आवाज होईल, आणि दोन-सव्वादोन तासांच्या चोरीत वेळ हेच भांडवल असते.

येथवरचे विवेचन मान्य करूनही एक आक्षेप उरतो, आणि तो तालुक्याच्या गावातून येतो तेव्हा त्याची खिल्ली उडवता येत नाही. पुष्कळ कचेऱ्यांत एसएमबीची जुनी आवृत्ती चालू राहिली ती आळसाने नव्हे. झेरॉक्सचे जुने यंत्र कागद स्कॅन करून संगणकावर पाठवी, ते याच पद्धतीने; त्यास दुसरी भाषा येतच नव्हती. नवे यंत्र घेण्यास तरतूद नाही आणि जुने बंद करण्यास परवानगी नाही, अशा पेचात सापडलेला कारकून काय करणार? एखाद्या पतसंस्थेत पासबुक छापणारा प्रिंटर जुन्या ड्रायव्हरवर चालतो. ३१ मार्चच्या रात्री कोणी ‘अडगळ’ समजून तो ड्रायव्हर काढला, तर पुण्याहून तंत्रज्ञ येईपर्यंत रांगेतील सभासदांना तोंड देणारा माणूस सुरक्षातज्ज्ञ नसतो. काय काढावे हे कळण्यास काय लागते हे कळावे लागते, आणि हे ज्ञान तालुक्यात महाग आहे. तेव्हा शिरूरच्या शिपायाने वा दौंडच्या लिपिकाने स्वतःच कर्नल कापावा, अशी अपेक्षा धरणे म्हणजे शहाण्यांनी आपले काम त्यांच्या माथी मारण्यासारखे होईल.

हे काम खरेदीच्या वेळी, खरेदी करणाऱ्याने, पुरवठादाराकडून करून घ्यावयाचे आहे. आज निविदेत काय मागितले जाते? इतक्या गिगाबाइटची स्मृती, इतक्या इंचांचा पडदा, इतक्या वर्षांची हमी. यंत्रात काय नसावे, याबद्दल एक ओळही नसते. ‘सोबतच्या कामांच्या यादीस ज्या सोयी लागत नाहीत त्या काढून किंवा कायम बंद करून यंत्र द्यावे, आणि काय ठेवले त्याची यादी जोडावी’ हे एक कलम घातले, तर खर्चाचा बोजा ज्याच्याजवळ ज्ञान आहे त्याच्याकडे सरकतो. पाचशे संगणकांसाठी एकदा केलेली छाटणी प्रत्येक यंत्रामागे नगण्य पडते; तेच काम पाचशे कचेऱ्यांनी स्वतंत्रपणे केले तर परवडत नाही, म्हणून होतही नाही. एकत्र खरेदीचा हा लाभ सहकारी चळवळीस कोणी नव्याने शिकवावा लागू नये. खते आणि बियाणे ती याच हिशेबाने घेत आली आहे.

रिझर्व्ह बँकेने नागरी सहकारी बँकांसाठी सायबर सुरक्षेची मूलभूत चौकट १९ ऑक्टोबर २०१८ रोजी, म्हणजे कॉसमॉसनंतर दोन महिन्यांनी, जारी केली, आणि २०१९ च्या अखेरीस तिची श्रेणीबद्ध वाढ केली. पण लहान बँकांचे संगणकीय काम बहुधा तिसऱ्याच कंपनीच्या यंत्रांवर चालते. जुलै २०२४ च्या अखेरीस अशा एका सेवाकंपनीवर खंडणीखोरांचा हल्ला झाला, तेव्हा देशातील सुमारे तीनशे लहान बँकांचे देवघेवीचे व्यवहार तात्पुरते तोडून ठेवावे लागले. बँकेच्या संचालक मंडळाने स्वतःच्या शाखेतील संगणक कितीही स्वच्छ ठेवले, तरी ज्या यंत्रावर तिची खाती आहेत त्यात काय काय भरलेले आहे हे विचारण्याचा हक्क तिने करारात लिहून घेतला नसेल, तर त्या स्वच्छतेचा उपयोग मर्यादितच राहणार. हा प्रश्न लेखापरीक्षकाने विचारावा, वार्षिक सभेत सभासदाने विचारावा. तो समजण्यास संगणकशास्त्राची पदवी लागत नाही.

विंडोज १० ची नेहमीची देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली आहे. शाळा, पतसंस्था आणि कचेऱ्या यांना जुनी यंत्रे बदलावी लागणार आहेत, निदान त्यांवरील ऑपरेटिंग सिस्टिम तरी. काही ठिकाणी त्याच यंत्रांवर लिनक्स बसवण्याचा विचार होऊ शकेल, आणि तो काटकसरीचाही आहे. लिनक्सची ‘बॉस’ ही भारतीय आवृत्ती ज्या सी-डॅकने घडवली, तिचे मुख्यालय पुण्यातच आहे. पतसंस्थेच्या एका शाखेस, माध्यमिक शाळेच्या एका संगणक कक्षास आणि ग्रामपंचायतीच्या एका टेबलास काय लागते, एवढी यादी करून त्या मापाचे तीन छाटलेले कर्नल तिने तयार ठेवले, तर जिल्हा परिषद आणि सहकार खाते ते तालुक्यांना नेमून देऊ शकतील. पुढील मार्चअखेर जडवस्तू संग्रहाची पडताळणी होईल, तेव्हा प्रत्येक संगणकाच्या नोंदीसमोर त्यातील चालू सोयींची यादी चिकटवलेली असावी, आणि ज्या सोयीपुढे वापरणाऱ्याचे नाव लिहिता येत नाही ती निर्लेखनाच्या प्रस्तावात जावी. त्यासाठी नव्या रकान्यापलीकडे वेगळ्या तरतुदीची गरज नाही.